तेरा कोटी ठिपके

शाल्मलीची चमकी माझ्या तळहातावर होती, आणि समोर टीव्हीवर शाल्मलीच्या नाकातही होती.

सर्वपित्री अमावास्या. दुसऱ्या दिवशी घट बसायचे, म्हणून मी देव्हारा रिकामा करून उपकरणी चिंचेनं घासायला काढली होती. करंड्यामागच्या डबीतून ती चमकी निघाली. चंद्रावरच्या तळावर जाताना अंगावर दागिना चालत नाही, तेव्हा लेकीनं चौदा महिन्यांपूर्वी ती काढून माझ्या ओंजळीत ठेवली होती. मी ती पुसत होते तोच एक वाजला. तिची रोजची भेट सुरू झाली, भिंतभर टीव्हीवर तिचा चेहरा उजळला, तिनं मान वळवली आणि नाकातली चमकी लुकलुकली.

“शमू, ही चमकी कुठली गं?”

चंद्रापर्यंत शब्द जायला सव्वा सेकंद आणि उत्तर यायला सव्वा सेकंद. तेवढ्यात एकदा रामाचा तेरा अक्षरी जप होतो. मी तो करते.

“चमकी? अगं, ती पूर्तीनं घातली असेल! जुन्या फोटोंत आहे ना.” ती हसली. “शोभतेय का?”

“म्हणजे तुझ्या नाकात नाहीये.”

“नाही गं बाई. तुझ्याकडेच दिली ना मी?”

“मग बाकीचं?”

“बाकीचं काय?”

“बाकीचं तोंड. ते तरी तुझंच आहे ना?”

या वेळी जप दोनदा झाला.

“काहीतरीच काय गं आई. बाबा, ओ बाबा! हसा की जरा. अजून मौनच का? आईनं शेवटी वळवलंच म्हणायचं तुम्हाला!”

शेजारच्या खुर्चीत यांनी डावा हात वर केला. सात मिनिटं संपली आणि पडदा काळा झाला.

माझा एक नेम होता. शाल्मलीचं तोंड दिसल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, असं ती गेली त्या दिवशी मनाशी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. यांना तेवढं कळलं होतं, कारण जेवायची ताटं अकरावरून सव्वाएकवर गेली होती. त्या दिवशी मी पान वाढलं, यांना भरवलं, आणि माझ्या पानापुढे बराच वेळ नुसती बसून राहिले. चौदा महिने मी कुणाचं तोंड बघून जेवत होते?

पूर्ती म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं असं नाही. अर्जावर सही केली तेव्हा हे समजावून सांगत होते आणि मी हो हो म्हणत होते. चंद्राच्या तळावर चाळीस माणसं, चाळीस घरं, आणि तिथल्या मोजमापांच्या गर्दीतून घरच्यांसाठी उरणारी वाट अगदी अरुंद. तिच्यातून चेहऱ्याचं चित्र येत नाही. येतात ते फक्त खुणांचे आकडे: ओठांचे कोपरे कुठे आहेत, पापणी किती मिटली, मान कुठे वळली. आपल्या टीव्हीतली पूर्ती ते आकडे घेते आणि साठवलेल्या जुन्या फोटोंमधून कातडी, केस, डोळ्यांतलं पाणी, मागची खोली असं सगळं नव्यानं रचते. एखादी हालचाल तिच्या ओळखीची नसली, तर वाटेत आकडा बिघडला असेल असं समजून ती तो सुधारून घेते.

हे शेवटचं मला चांगलंच ठाऊक होतं. त्याच्याच आधारावर आम्ही चार महिने लेकीपासून एक गोष्ट लपवली होती.

ज्येष्ठात यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, उजवा गाल ओघळला आणि वाचा गेली. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘अगं’ एवढे तीन शब्द उरले. चाळीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाणारा माणूस. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी मी म्हटलं, “शमूला सांगायला हवं.” यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “नाही.” पुन्हा म्हणाले, “नाही, नाही.” मला कारण समजलं. तिथे घरची चिंता लागलेल्या माणसाला पुढच्या यानानं परत पाठवतात. आणि या कामासाठी तिनं नऊ वर्षं वाट पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी एक वाजता टीव्ही लागला. तिच्याकडच्या पूर्तीनं यांचा ओघळलेला गाल ‘सुधारला’. तिला बाबा नेहमीसारखे दिसले, फक्त गप्प. “बाबा बोलत का नाहीत?” तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “चातुर्मासाचं मौन धरलंय गं त्यांनी, यंदा आधीपासूनच.”

जन्मात जेवढी व्रतं केली, त्यांपैकी एकाचंही असं खोटं नाव मी कधी घेतलं नव्हतं. आता चातुर्मास संपायला महिना-सव्वा महिना उरला होता.

जेवणं झाल्यावर मी ती चमकी यांच्यापुढे धरली.

“तुम्हाला ठाऊक होतं? हे सगळं रचलेलं असतं म्हणून?”

“हो.”

“मग मी रोज पदर पुढे घेऊन तिला डोळे भरून बघायची, तेव्हा एकदा तरी खूण नाही केलीत?”

“अगं...” एवढंच म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

मी मनाची समजूत घालून पाहिली. देव्हाऱ्यात तरी दगड-धातूच आहेत ना, आपण दर्शनच म्हणतो ना? पण मूर्ती मूर्ती आहे हे जाणून आपण हात जोडतो. इथे मला कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी ऐकलं नव्हतं. मला माझी लेक बघायची होती. तिच्या गालावर आज जे असेल ते, मुरुम असला तर मुरुम.

त्यासाठी एक सोय होती. तळाचा प्रकाशकिरणांचा मोठा दुवा महिन्यातून एकदा घरच्यांसाठी खुला करतात. त्याला पूर्ण खिडकी म्हणतात. नऊ मिनिटं आणि एकही रचलेला ठिपका नाही. आडवे पंधरा हजारांवर आणि उभे साडेआठ हजारांवर, मिळून तेरा कोटी ठिपके, सेकंदाला साठ वेळा. मागत मात्र फारसं कुणी नाही, कारण टीव्हीतून सरळ घेतलं की ते पूर्तीतूनच जातं. ती टाळायची तर चित्र आधी घरच्या संगणकानं उलगडायचं आणि जसंच्या तसं टीव्हीला द्यायचं. तेवढ्या ताकदीचा संगणक बाजारात तयार मिळत नाही, सुटे भाग आणून जोडावा लागतो.

आमच्या घरी तो होता. शाल्मली निवडली गेली त्या वर्षी यांनी एकेक भाग पारखून तो स्वतः जोडला होता. टेबलाखाली काळी पेटी, आत तीन पंखे, आणि मागून टीव्हीकडे जाणारी केसासारखी बारीक प्रकाशाची तार. पक्षाघातानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता.

मी अर्ज केला. खिडकी मिळाली ती आश्विन शुद्ध एकादशीची, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांची. अट अशी की त्या दिवशी दुपारी बारापर्यंत तळाकडून येणारं चाचणीचं चित्र आमच्या टीव्हीवर पूर्ण उमटलं पाहिजे.

दुसऱ्या माळेला मी पदर खोचून टेबलाखाली शिरले. हे खुर्चीतून बघत होते. यंत्र सुरू केलं. टीव्ही निळा झाला आणि म्हणाला, ‘सिग्नल नाही’.

“आता?”

यांनी डाव्या हाताचं बोट टीव्हीकडे नेलं आणि चार बोटं दाखवली. मग तीन मिटली.

“चार... त्यातलं एक?”

“हो.”

टीव्हीच्या पाठीला तार लावायची चार तोंडं होती. आरशात बघून बघून मला कळलं की चारांपैकी फक्त एकावर बारीक सोनेरी रेघ होती. मोठं चित्र घेणारं तोंड तेवढंच. तार तिथे लावली. चित्र आलं, पण धुरकट. ठिपके मोजणाऱ्या चौकटीत आकडा चौथाईच्याही खाली.

तिसऱ्या माळेला यांनी रिमोट स्वतः घेतला. एका हातानं, जीभ दातांत धरून, टीव्हीच्या सेटिंगांच्या पोटात शिरत गेले. तिथे त्या एका तोंडासाठी ‘विस्तारित सिग्नल’ असा एक खटका होता, कारखान्यातूनच बंद ठेवलेला. मी कपाळाला हात लावला. “दार बसवायचं आणि कडी आतून लावून ठेवायची, ही कुठली रीत?” यांचा डावा गाल हलला.

चौथ्या माळेला संगणक आणि टीव्ही यांचं एकमत होईना. दोन यंत्रं जोडली की आधी एकमेकांना विचारतात, तुला किती झेपतं आणि मी किती देऊ. टीव्ही स्वतःची ओळख जुनीच सांगत होता. यांनी दोन्ही बंद करायला लावली, प्लग काढायला लावले आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. दहा मिनिटं. मग आधी टीव्ही, मागून संगणक. पाचव्या माळेला चित्रकार्डाची नवी प्रणाली उतरवून घेतली. सहाव्या माळेला पडदा दर चार मिनिटांनी मिटायला लागला, तेव्हा तारेचा एक घट्ट वळसा यांनी मला सोडवायला लावला.

अष्टमीला दुपारी चाचणीचं चित्र पूर्ण आलं. चंद्रावरची ओंजळभर माती, बस्स. पण असं वाटलं की भिंत तिथे संपली आहे आणि पलीकडे ती माती आहे. कणन् कण निराळा, कुठे काचेसारखा गोल, कुठे कोळशासारखा टोकदार, प्रत्येकाची सावली वेगळी. मी टीव्हीपासून वीतभर अंतरावर उभी राहिले तरी ठिपका दिसेना, मातीच दिसत राहिली. वळून बघितलं तर हे रडत होते.

नवमीला खंडेनवमी. घरातली सुरी, विळी, शिलाई मशीन, यांचं सोल्डरिंग आयर्न असं सगळं पाटावर मांडून मी पूजा केली. संगणकाची तर आधी केली. गंध, अक्षता, हळदकुंकू, झेंडूचं फूल. हात जोडून म्हटलं, परवाचा दिवस तेवढा निभावून ने रे बाबा.

दशमीला सोनं वाटून आले, सहज म्हणून चाचणीचं चित्र लावलं, आणि पडदा काळा. थोड्या वेळानं धुरकट चित्र आलं, चौथाईचं. मी दिवसभर धडपडले. तोंड तेच, खटका चालू, प्रणाली नवी. यांनी सांगितलेलं सगळं दोनदा केलं. यांची बोटंही थकली. संध्याकाळी मी अस्लम मुलाणींना फोन लावला.

अस्लम म्हणजे यांचा जुना विद्यार्थी, पन्नाशीचा गृहस्थ. पोवई नाक्याजवळ दुकान. एकादशीला सकाळी नऊला हजर झाला.

“सर, सलाम. ओळखलं का? रोल नंबर सतरा. सोल्डर सांडलं म्हणून पट्टी मारली होती तुम्ही.”

“हो!” हे म्हणाले.

“बघा काकू, पट्टी बरोबर लक्षात आहे!”

तो टेबलाखाली गेला. तार काढली आणि संगणकाच्या मागच्या तोंडाला पेनाएवढा कॅमेरा लावून आतलं दृश्य आपल्या फोनवर मोठं करून पाहू लागला.

“काकू, इथं आत हे लाल काय आहे हो?”

मी पाहिलं. काचेच्या चकचकीत गोल मैदानावर लालभडक दगड पडले होते, आणि एका कडेला हळदीचा पिवळा ढीग.

“नवमीला... पूजा केली मी.”

“पूजा तर आमच्या दुकानातली पोरंपण करतात. पण ती पेटीला हार घालतात काकू. तुम्ही डायरेक्ट तोंडात नैवेद्य भरवलात!”

दर वर्षी हेच पेटी पाटावर आणून ठेवत. त्याआधी मागच्या तोंडांना रबरी टोप्या घालत. ती त्यांची हौस आहे असं मला वाटायचं. यंदा पाटावर मी आणली. आठवडाभर त्याच एका तारेशी झगडले होते, लेक दिसायची ती तिच्यातूनच, म्हणून ती काढून पहिलं बोट ती बसते त्या तोंडातच टेकवलं होतं. हे तेव्हा आतल्या खोलीत झोपले होते.

“काकू, लहान चित्र असलं की प्रकाशाला सवड असते,” अस्लम टेबलाखालून म्हणाला. “अडखळला तर पुन्हा येतो. पण एवढं मोठं न्यायचं म्हणजे एकही खेप चुकायला नको. केसाएवढ्या दारात कुंकवाचा एक कण म्हणजे घाटात दरड.”

मागून विचित्र आवाज आला. मी दचकून वळले. हे हसत होते. अर्धा चेहरा हसत होता, अर्धा तसाच, पण पोट गदगदा हलत होतं. ज्येष्ठापासून मी तो आवाज ऐकला नव्हता.

अस्लमनं स्पिरिटच्या काडीनं दोन्ही टोकं पुसली, कॅमेऱ्यानं पाहिली, पुन्हा पुसली. साडेअकराला चंद्राची माती भिंतभर उभी राहिली. चाचणी उत्तीर्ण. खाली शेवटच्या संमतीचं पान आलं. अस्लम ते वाचता वाचता थांबला.

“काकू, हे वाचलंय का तुम्ही? ‘पूर्ण खिडकीत दोन्हीकडची पूर्ती बंद राहील.’ म्हणजे ताईंना तुम्हीपण असेच दिसणार. सरपण.”

“कॅमेरा माझ्यावरच ठेवला तर?”

“ठेवा की. पण ताई पहिलं विचारणार, बाबा कुठायत.” त्यानं चष्मा पुसला. “तुमचं तुम्ही ठरवा. नको असलं तर ‘रद्द’ दाबा, दुपारची रोजची भेट आहेच.”

तो गेल्यावर मी यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले.

“तुम्ही नाही म्हणालात तर मी रद्द करते. मनापासून सांगते. तुमचा शब्द मोडून मला तिला बघायचं नाही.”

हे खिडकीबाहेर बघत राहिले. मग डावा हात स्वतःच्या गालावर फिरवला. दाढीचे खुंट वाढले होते. हातानं वस्तरा फिरवल्याची खूण केली.

“दाढी?”

“हो.”

“म्हणजे... तिच्यासाठी?”

“अगं,” म्हणाले, थोडे चिडूनच.

मी पाणी तापवलं. दाढी करून दिली, ओघळलेला गाल ताणून धरून, जपून. धुतलेला शर्ट घातला. मग पडद्यावर ‘मान्य’ दाबलं. खाली ओळ आली: ‘दुसऱ्या बाजूच्या संमतीची प्रतीक्षा.’

खिडकी घेतल्यामुळे दुपारी एकची भेट त्या दिवशी नव्हती. पाचला आम्ही दोघं खुर्च्या जोडून बसलो. पाच वाजून पाच मिनिटं झाली तरी ओळ तीच. आठ मिनिटं. जपाची माळ हातात होती पण मणी पुढे सरकेना. तिला नको असेल तर? नको असण्याचं कारण काय असेल? नऊ मिनिटं. मग ती ओळ गेली.

भिंत उघडली.

आधी मला ती ओळखूच आली नाही. केस पुरुषासारखे बारीक कापलेले, कानांवर पांढरे. चेहरा सुजल्यासारखा गोल. डाव्या कपाळापासून गालाच्या मध्यापर्यंत कातडी गुलाबी, चुरगळलेल्या रेशमासारखी. त्या बाजूला भुवई नव्हती. डावी पापणी अर्ध्यावर अडकलेली. ओठांना भेगा, एका भेगेत वाळलेलं रक्त. पाठीमागे उजेडाची प्रशस्त खोली नव्हती, एक करडी भिंत होती आणि तिला टेकून ती बसली होती.

आणि उजवा डोळा. तो माझ्या शमूचा होता. त्यात पाणी हळूहळू भरत होतं आणि खालच्या पापणीच्या कडेला थांबलं होतं. ते कुणी रचलेलं नव्हतं.

ती माझ्याकडे बघत नव्हती.

“बाबा?” ती म्हणाली. “बाबा, हे काय झालं?”

यांनी तोंड उघडलं. “अगं,” म्हणाले. “अगं, अगं.”

“मौन नव्हतं गं ते,” मी म्हटलं. “खोटं बोलले मी. ज्येष्ठात पक्षाघात झाला. उजवी बाजू. वाचा गेली. आता बरे आहेत, जेवतात, काठी धरून चालतात. मी व्रताचं नाव घेऊन तुझ्याशी खोटं बोलले.”

अडीच सेकंद तिचा चेहरा तसाच राहिला. माझे शब्द तिच्याकडे चालले आहेत हे मला दिसत होतं. मग ते पोचले. ओठ थरथरले, गळ्याची शीर उडाली.

“चार महिने?”

“चार महिने.”

“माझं श्रावणात,” तिनं गालाला हात लावला. “बाहेरून आलं की अंगावरची धूळ झडायची एक कोठडी असते. तिथे अतिथंड वायूची नळी फुटली, त्या थंडीनंच कातडी भाजली. बावीस दिवस झोपून होते. तुम्हाला रोज हसताना दिसत होते ना मी? आवाज माझाच होता, बाकी सगळं त्या पूर्तीनं केलं. डोळा आहे, आई. कमी दिसतं, पण आहे. मी आज नाहीच म्हणणार होते. मग इथे दिसलं की तू संमती दिलीस. म्हटलं, आईला माहीत असणार की तिची पूर्तीपण बंद होईल. तरी दिलीय, म्हणजे काहीतरी आहे.”

“खूप दुखलं का गं?”

“हो,” ती म्हणाली. चौदा महिन्यांत तिनं मला पहिल्यांदा दुखल्याचं सांगितलं.

तिची नजर यांच्यावरून हलत नव्हती. “फाल्गुनात यान येतंय. मी नाव दिलं तर मिळेल जागा. येऊ बाबा?”

“नाही.” हे म्हणाले. अगदी स्वच्छ. वर्गात म्हणायचे तसं.

मी काही बोलले नाही. पण तेरा कोटी ठिपक्यांपुढे न बोलणंही लपत नाही.

“आई, तुझे ओठ हलले. काय म्हणालीस?”

जप करत होते असं सांगता आलं असतं. तेही खोटं ठरलं नसतं, इतकी सवय होती. मी पदर सावरला.

“‘ये’ म्हणत होते. रोज म्हणते, भेट संपली की. पण तुझ्या बाबांचं बरोबर आहे. तू काम पुरं करून ये.”

जप एकदा झाला असता तेवढा वेळ गेला. त्या डोळ्यातलं पाणी कडेवरून सुटलं. तिथे सगळं हलकं असतं म्हणून ते घाईनं पडलं नाही, गालावरून सावकाश उतरलं आणि मला शेवटपर्यंत दिसलं.

पुढची मिनिटं बघण्यात गेली. तिनं बाबांना उजवा हात दाखवायला सांगितला, मी तो उचलून धरला. तिनं मान तिरकी करून मला जखमेची कड दाखवली, कानामागून कुठे संपते ती. मी टीव्हीजवळ गेले आणि ती पूर्ण पाहिली. उजव्या गालावर एक मुरुम होता. मग खिडकी मिटली.

काळ्या पडद्यावर एक चौकट आली: ‘पूर्ती पुन्हा सुरू होत आहे.’ खाली दहापासून उलटे आकडे. नऊ. आठ. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली. मी ‘थांबवा’ दाबलं. चौकटीनं विचारलं, कायमची? आम्ही कायमची म्हणालो. चंद्रावरून तिनंही तेच दाबलं होतं हे दुसऱ्या दिवशी कळलं.

द्वादशीला एक वाजता टीव्ही लागला. पूर्तीशिवाय त्या अरुंद वाटेतून खरोखर येतं तेवढंच चित्र. चौसष्ट ठिपके आडवे, छत्तीस उभे. भिंतीएवढ्या पडद्यावर बत्ताशाएवढे चौकोन, काही करडे, काही गव्हाळ, काही काळसर. डोळे कुठे, नाक कुठे, काही समजेना. चौकोन हलले की कळायचं, ती हलली. नंतर अस्लमला मी फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “काय काकू, एवढी खटपट करून हे बघताय?”

“आई, दिसतेय का मी?” तिचा आवाज मात्र स्वच्छ होता.

“चौकोन दिसतायत.”

“मलापण. त्यातला बाबांचा कुठला?”

यांनी डावा हात हलवला.

“हां, तो हलणारा! थांब, मी जवळ येते.”

चौकोन मोठे होत गेले, एकमेकांत मिसळले. करडा रंग कडांकडे सरकला आणि गेला. सगळी भिंत एकाच रंगाची झाली, गव्हाळ, थोडी गुलाबी.

“आता काय दिसतंय?”

“नुसता रंग गं.”

जप एकदा झाला.

“तो माझा गाल आहे,” ती म्हणाली. “भाजलेला. बाजूला होऊ का?”

“अगं,” हे म्हणाले, आणि माझा हात धरला.

“नको,” मी म्हटलं. “राहू दे तसाच. अजून चार मिनिटं आहेत.”